सर्व्हर रूममधून : दोघांनाही वाटलं, दुसरा गेला

गेल्या वेळी बॅकअपबद्दल लिहिलं होतं. त्यावर आपल्या मंडळातल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा मेसेज आला, "दादा, एवढं बॅकअप-बॅकअप कशाला? दोन सर्व्हर ठेवायचे. एक पडला की दुसरा उचलेल. विषय संपला."

मी नोकरीला लागलो तेव्हा अगदी हेच म्हणत होतो. पुढे एका उत्तरायणाला माझ्याच दोन सर्व्हरनी तीन तासांत जे शिकवलं, ते आज सांगतो. गोष्टीत चूक करणारा मीच आहे. हॉस्पिटलचं नाव मात्र सांगणार नाही, आणि वडोदऱ्यातल्या मंडळींनी ते ओळखायच्या भानगडीत पडू नये.

हे ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, दोन इमारतींचं. जुन्या इमारतीत ओपीडी, प्रसूती विभाग, डायलिसिस, लॅब आणि रक्तपेढी. नव्या इमारतीत इमर्जन्सी, आयसीयू आणि ऑपरेशन थिएटर. मध्ये आवारातला रस्ता. पेशंटची नोंदणी, रिपोर्ट, औषधं, बिल, सगळं एकाच सिस्टिमवर चालतं आणि ती सिस्टिम आमच्याच आवारात आहे, क्लाउडवर नाही. मित्र हसतात, "अजून स्वतःचे सर्व्हर पाळता?" पण बाहेर रस्त्यावर जेसीबी आला की इंटरनेट जातं, हे वडोदऱ्यात राहणाऱ्याला सांगायला नको. आणि इंटरनेट गेलं म्हणून इमर्जन्सीतल्या डॉक्टरला रिपोर्ट दिसत नाही, हे चालत नाही.

तर दोन सर्व्हर होते, प्रत्येक इमारतीत एक. क्लस्टरच्या भाषेत यांना नोड म्हणतात. नव्या इमारतीतला मुख्य, जुन्या इमारतीतला राखीव. मुख्य नोडच्या डिस्कवर जे लिहिलं जाईल, ते त्याच क्षणी राखीव नोडच्या डिस्कवरही उमटायचं. दोघं एकमेकांना दर सेकंदाला निरोप पाठवायचे, "मी आहे, मी आहे". याला हार्टबीट म्हणतात. ठराविक वेळ निरोप आला नाही की राखीव नोडने समजायचं, मुख्य गेला. त्याचा पत्ता आपल्या नावावर घ्यायचा आणि गादीवर बसायचं. हॉस्पिटलमधले सगळे कॉम्प्युटर त्या एका पत्त्यालाच हाका मारत असतात, त्यामुळे आतला माणूस बदललेला त्यांना कळतही नाही.

कल्पना जुनी आहे. १९७४ साली कॅलिफोर्नियात टँडेम नावाची कंपनी निघाली, तिने 'नॉनस्टॉप' नावाचे कॉम्प्युटर बनवले आणि १९७६ मध्ये पहिला सिटीबँकेला दिला. त्यातले प्रोसेसर असेच एकमेकांना 'मी जिवंत आहे' सांगत बसायचे. आज तीच गोष्ट दोन साध्या सर्व्हरवर फुकटच्या सॉफ्टवेअरने करता येते. मी ती केली. ट्रस्टींना डेमोही दिला. सगळ्यांसमोर मुख्य सर्व्हरची वायर खेचली, चाळीस सेकंदांत दुसरा उभा राहिला, टाळ्या झाल्या, चहा आणि नायलॉन खमण झालं. सिस्टिम विकणाऱ्या माणसाने तर नव्व्याण्णव पूर्णांक नऊ नऊ नऊ टक्के असा आकडाही सांगून टाकला. म्हणजे वर्षाला फक्त सव्वापाच मिनिटं बंद. ट्रस्टी खूश.

डेमोमध्ये मी सर्व्हर मारला होता. मधली वायर तोडून बघितली नव्हती. पुढे जे झालं ते सगळं या फरकामुळे.

आमच्या घरातलंच उदाहरण देतो. आजीची बीपीची गोळी सकाळी आई देते. आई गडबडीत असली तर बाबा देतात. ठरलेलं असं, की आई दिसली नाही तर बाबांनी द्यायची. एके दिवशी आई गोळी देऊन खाली भाजी घ्यायला गेली, फोन घरीच विसरली. बाबांनी हाक मारली, उत्तर नाही. बाबांनी गोळी दिली. आजीला दिवसभर चक्कर. दोघांनी नियम तंतोतंत पाळला होता. बाबांना समोर दिसत होतं ते एवढंच, की आई उत्तर देत नाही. 'आई नाही' आणि 'आई उत्तर देत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण हाक मारणाऱ्याला दोन्ही सारख्याच ऐकू येतात.

सर्व्हरचंही तेच. हार्टबीट थांबला म्हणजे समोरचा मेला, की मधली केबल तुटली? या टोकाला बसून ते कधीच कळत नाही. कितीही महाग सर्व्हर घ्या. म्हणून क्लस्टरवाल्यांनी एक दांडगा उपाय काढला आहे. त्याचं इंग्रजी नाव 'स्टोनिथ', म्हणजे 'शूट द अदर नोड इन द हेड'. दुसरा मेलाय असं वाटतंय ना? मग आधी त्याची वीज तोड, तो मेल्याची खात्री कर, आणि मगच गादीवर बस. सभ्य भाषेत याला फेन्सिंग म्हणतात.

माझ्या क्लस्टरमध्ये फेन्सिंग होतं. सुरुवातीच्या महिन्यात त्याने दोनदा रात्री चांगला चालता सर्व्हर रीस्टार्ट केला. कारण शोधायला वेळ नव्हता. इंटरनेटवरच्या कितीतरी धड्यांमध्ये पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं, की सध्यापुरतं फेन्सिंग बंद करा. मीही सध्यापुरतं बंद केलं. ते 'सध्यापुरतं' दोन वर्षं चाललं.

आता ती १४ जानेवारी. आमच्याकडे त्या दिवशी सकाळी तिळगूळ आणि दुपारी उंधियू-जलेबी, दोन्ही संस्कृतींचा हिशेब चुकता. ओपीडी बंद. पण इमर्जन्सीला वर्षातला सगळ्यात वाईट दिवस. मांज्याने कापलेले गळे आणि बोटं, अगाशीवरून पडलेली मुलं. मी दांडिया बजारातल्या आमच्या अगाशीवर फिरकी धरून उभा होतो. पावणेदोनला फोन आला. रक्तपेढीतल्या सिनियर टेक्निशियन बेन बोलत होत्या. बारा-पंधरा वर्षं त्याच टेबलावर आहेत, विनाकारण फोन करणाऱ्या नाहीत.

"भाई, आ नंबर पर तो बीजा कोईनुं नाम आवे छे."

इमर्जन्सीतून एका बारा वर्षांच्या मुलाचं रक्त क्रॉसमॅचला आलं होतं. अगाशीवरून पडलेला, मांडीचं हाड मोडलेलं, ऑपरेशनची तयारी चाललेली. नळीवर त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक. तो क्रमांक बेननी आपल्या कॉम्प्युटरवर टाकला, तर प्रसूती विभागातली एक बाई समोर आली. तिचा रक्तगट बी पॉझिटिव्ह म्हणून नोंदलेला.

मी घरूनच लॉगिन केलं. स्क्रीनवर स्वच्छ लिहिलेलं : सव्वाअकराला मुख्य नोड गेला, राखीव नोडने काम घेतलं, सगळं ठीक. मी मनात म्हटलं, वा, पोरगं कामाला आलं. मग इमर्जन्सीच्या काउंटरला फोन करून म्हटलं, "तुमच्याकडचा सर्व्हर बंद पडलेला दिसतोय, काही त्रास?"

"नाही सर, इथे मस्त चालू आहे."

अगाशीवर 'काय पो छे'चा गजर चालला होता आणि मला तेवढ्या उन्हात घाम फुटला. हॉस्पिटलचं इंटरनेट जुन्या इमारतीत येतं, म्हणजे मी बघत होतो तो जुन्या इमारतीचा नोड. तो म्हणत होता, नवा मेला. आणि नवा तिकडे जिवंत होता आणि नक्कीच म्हणत असणार, जुना मेला. दोघांनीही तोच पत्ता घेतला होता. प्रत्येक इमारतीतले कॉम्प्युटर आपापल्या नोडशी खुशीत बोलत होते. अडीच तास आमच्या हॉस्पिटलला दोन सिस्टिम होत्या आणि दोन्ही हिरव्या दिव्याने सांगत होत्या, सगळं ठीक. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात, एका डोक्यात दोन मेंदू.

आणि नोंदणी क्रमांक? सव्वाअकरापर्यंत दोन्ही डिस्कवर शेवटचा क्रमांक एकच होता. तिथून दोघांनीही पुढचे आकडे देणं चालू ठेवलं. तेच आकडे, वेगळी माणसं.

स्कूटरच्या हँडलला मांज्यासाठी तार बांधलेलीच होती, निघालो. वाटेत एकच ठरवलं होतं, आधी एक बाजू बंद करायची. जुन्या इमारतीला फोनवर सांगितलं, सगळं कागदावर घ्या, आणि पोचल्या पोचल्या तिथला नोड बंद केला. सव्वादोन वाजले होते.

मग केबल शोधत वर गेलो. नव्या इमारतीकडून येणारी फायबर जुन्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत उतरते, तिथे एक छोटा स्विच आहे. हार्टबीटची केबल वेगळी, डेटाची वेगळी, असं मी ट्रस्टींना चित्र काढून दाखवलं होतं. दोन्ही केबली त्याच स्विचमध्ये जात होत्या. आणि त्या स्विचचा प्लग काढून तिथे कँटीनच्या मुलांनी स्पीकर लावला होता. उत्तरायण आहे, गाणी नकोत का? मला बघून त्यांनी आवाज कमी केला. एकाने चिक्की पुढे केली. मी घेतली. ओरडणार कोणावर? गच्चीवरच्या उघड्या प्लगवर आख्ख्या हॉस्पिटलचा मेंदू टांगून ठेवायचं त्यांनी ठरवलं नव्हतं.

प्लग लगेच लावला नाही, आणि त्या दिवशी मी एवढंच बरोबर केलं. लावला असता आणि दोन्ही नोड जागे असते, तर एकाच पत्त्याचे दोन मालक एकाच नेटवर्कवर आले असते आणि कुठला कॉम्प्युटर कोणाशी बोलेल याचा नेम राहिला नसता. दोन डिस्क आपोआप जुळतही नाहीत. त्या एकमेकींना बघून हटून बसतात, लॉगमध्ये 'स्प्लिट ब्रेन डिटेक्टेड' असं येतं, आणि माणसाने सांगावं लागतं, की या दोघींपैकी कोणाचे तीन तास फेकून द्यायचे. नव्या इमारतीत शस्त्रक्रिया चालू होत्या, म्हणून तिचे ठेवले. जुन्या बाजूच्या एकोणीस नोंदी आणि त्यांना लागून आलेले लॅबचे रिपोर्ट आधी छापून घेतले, मग फेकले, मग एकेक करून हाताने परत भरले, नव्या क्रमांकांनी. रात्रीचा एक वाजला. बेन ड्युटी संपूनही बसल्या होत्या. एक नाव त्या वाचायच्या, एक मी टाकायचो.

त्या मुलाचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह निघाला. डॉक्टर म्हणाले, चुकीची पिशवी निघालीच असती तरी क्रॉसमॅचला पकडली गेली असती. असेल. पण बेननी नळीवरचं नाव आणि स्क्रीनवरचं नाव जुळवून बघितलं, कारण रक्तपेढीचा तो जुना, वहीच्या काळातला नियम आहे : नाव आणि नंबर, दोन्ही जुळल्याशिवाय हात लावायचा नाही. एकाच नावाच्या दोन बायकांची अदलाबदल झाली असती, तर काय झालं असतं, हा विचार मी फार लांबवत नाही.

विद्यार्थीमित्रा, हे फक्त आमच्यासारख्या एकट्या सिस्टिमवाल्याचं होतं असं समजू नकोस. तू प्रोजेक्ट जिथे ठेवतोस त्या गिटहबचंच बघ. २१ ऑक्टोबर २०१८ला, आपल्याकडे २२ तारखेची पहाट होती, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्यांचं एक बिघडत चाललेलं ऑप्टिकल उपकरण बदलण्याचं साधं काम चाललं होतं. त्यात त्यांच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क तुटला. किती वेळ? ४३ सेकंद. तेवढ्यात त्यांच्या स्वयंचलित व्यवस्थेने ठरवलं, की पूर्वेचा गेला, आणि डेटाबेसची गादी पश्चिम किनाऱ्यावर हलवली. पण पूर्वेकडे शेवटच्या काही सेकंदांत लिहिलेलं पश्चिमेला पोचलंच नव्हतं, आणि लक्षात येईपर्यंत पश्चिमेने सुमारे चाळीस मिनिटं नवीन लिहून घेतलं होतं. दोन्ही बाजूंना असं काही, जे दुसरीकडे नाही. त्यांच्या एका गजबजलेल्या क्लस्टरवर अशा ९५४ नोंदी निघाल्या. त्यांनी काही सेवा मुद्दाम थांबवल्या, उशीर झाला तरी चालेल पण लोकांचा डेटा जाऊ देणार नाही असं ठरवलं, आणि सगळं पूर्वपदावर यायला २४ तास ११ मिनिटं लागली. ४३ सेकंदांसाठी. त्यांनी हे सगळं स्वतःहून आकड्यांसकट लिहून जाहीर केलं. वेळ काढून वाच, कॉलेजात कोणी शिकवणार नाही.

मघाच्या टँडेममध्येच जिम ग्रे नावाचे संशोधक होते. त्यांना १९९८चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००७ मध्ये ते एकटेच बोट घेऊन समुद्रात गेले, ते परत आले नाहीत. त्यांनी १९८५ मध्ये एक टिपण लिहिलं, की कॉम्प्युटर बंद का पडतात. न थांबणारे म्हणून विकलेल्या यंत्रांच्या बिघाडांचा हिशेब मांडला, तर हार्डवेअरचा वाटा निघाला १८ टक्के. ४२ टक्के बिघाड यंत्र सांभाळणाऱ्या माणसांच्या हातून. म्हणजे माझ्या हातून. चाळीस वर्षांत बरंच बदललं, पण 'सध्यापुरतं बंद' लिहिणारा माणूस तोच आहे.

मग काय बदललं? पहिली गोष्ट, तिसरं मत. आपल्या मंडळाची वार्षिक सभा आठवा. कोरम नाही म्हणून सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच सात माणसांत, कोरमशिवाय भरते. माझं दोन नोडचं क्लस्टर असंच चाललं होतं. एकटा उरलेला सदस्यही सर्व ठराव मंजूर करत होता. आता गेटजवळच्या अकाउंट्सच्या इमारतीत एक छोटासा कॉम्प्युटर ठेवलाय. त्याच्यावर पेशंटची एकही नोंद नाही. त्याचं काम फक्त मत देणं. तीनपैकी दोन मतं ज्याच्याकडे, तो चालणार. ज्याला दुसरं मत मिळत नाही, त्याने समोरच्याबद्दल तर्क करायचा नाही, स्वतःहून खाली बसायचं. (आमच्या घरी हे तिसरं मत म्हणजे सात कप्प्यांची गोळ्यांची डबी. मंगळवारचा कप्पा रिकामा असेल तर गोळी दिलेली आहे. आईला हाक मारायची गरज नाही.)

दुसरी, तिन्ही ठिकाणांमधल्या केबली आता खरोखर वेगळ्या वाटांनी जातात; एक गच्चीवरून, एक जमिनीखालून गेटकडून. तिसरी, फेन्सिंग चालू. रात्री चांगला सर्व्हर का रीस्टार्ट होत होता, ते शोधायला मला एक दुपार लागली. दोन वर्षं टाळलेली एक दुपार. गंमत अशी, की उत्तरायणाला फेन्सिंग चालू असतं तर त्याचा निरोपही त्याच मेलेल्या स्विचमधून गेला असता, म्हणजे पोचलाच नसता. पण मग राखीव नोडने 'समोरचा मेल्याची खात्री नाही' म्हणून गादी घेतली नसती. जुन्या इमारतीत सिस्टिम बंद पडली असती, शिव्या पडल्या असत्या, लोकांनी वह्या काढल्या असत्या. मला तीन तास आधी फोन आला असता. बंद पडलेली सिस्टिम निदान ओरडते तरी.

हे ट्रस्टींना समजावणं सगळ्यात अवघड गेलं. "म्हणजे एवढा खर्च करून तुम्ही अशी सिस्टिम बनवली, जी मुद्दाम बंद पडते?" हो काका, कधीकधी मुद्दाम. त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण गेटच्या केबलचं बिल मंजूर झालं. सव्वापाच मिनिटांचा आकडा मी कुठेही लिहीत नाही.

आता दर तीन महिन्यांनी एका रविवारी दुपारी आम्ही सर्व्हरला हात न लावता केबली काढतो. आधी गच्चीवरची. गेटकडची वाट असल्यामुळे काहीच होत नाही. मग जुन्या इमारतीची तीही. दहा सेकंदांत तिथला नोड बाकीच्यांपासून तुटल्याचं ओळखतो आणि सेवा थांबवतो. कॉम्प्युटरवर 'संपर्क नाही' येतं. नोंदणी काउंटरवरच्या काकांनी खणातून वही काढायची, तारीख घालायची आणि केबल परत लागेपर्यंत तिच्यावर लिहायचं. मागच्या महिन्यात त्या दहा मिनिटांत चार पेशंट आले. काकांनी चारही नावं लिहिली, वही माझ्यासमोर आपटली आणि म्हणाले, "तुमचं ते चालू करा आता. आणि पुढच्या वेळी बॉलपेन पण घेऊन या, याची रिफिल संपलीये."